छातीत धडधड, रिपोर्ट नॉर्मल, आणि रोज रात्रीची ‘झोपेची बारकी’

पायरीवरची_मांजर | रविवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. डॉक्टरांना दाखवून झालंय, पुन्हा दाखवणारच आहोत. पण दोन ठिकाणी दोन टोकांची उत्तरं मिळाली आणि घरात वाद पेटलाय, म्हणून इथे लिहितेय.

पेशंट माझ्या सासूबाई, वय ६२. बीपीची गोळी चालू, शुगर नाही. गाव प्रयाग चिखली, कोल्हापूरजवळ पंचगंगेकाठी. २०१९ च्या पुरात घरात पाणी शिरलं, बोटीतून बाहेर काढावं लागलं. २०२१ ला परत तेच. तेव्हापासून मृगाचा पाऊस लागला की आईंची झोप जाते. ‘राजाराम बंधारा ३९ फुटांवर’ (नदीची पातळी तिथे मोजतात, ३९ म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका) अशी बातमी आली की जेवणावरची वासना उडते, आणि ४३ म्हटलं की पिशवी भरून दारात. त्याच काळात एका डॉक्टरांनी अल्प्राझोलाम ०.२५, रात्री एक, पंधरा दिवस, असं लिहून दिलं होतं. ती आजतागायत चालू आहे. चिठ्ठी केव्हाच गेली, दुकानात जुनं पाकीट दाखवलं की मिळते. आई तिला ‘झोपेची बारकी’ म्हणतात.

दिवाळीपासून नवीनच सुरू झालंय. अचानक छातीत धडधड, डावीकडे आवळल्यासारखं, घाम, बोटांना मुंग्या. पंधरा-वीस मिनिटांत ओसरतं. ईसीजी, टू-डी एको, थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं नॉर्मल. एका ठिकाणी म्हणाले, टेन्शन आहे, गोळी दोन वेळा करा. दुसरीकडे म्हणाले, ही गोळी वाईट, आजपासून बंद करा.

मी वहीत वेळा टिपल्या. बहुतेकदा त्रास संध्याकाळी चार ते सातच्या मधे, म्हणजे रात्रीच्या गोळीच्या आधी. जोतिबाला मुक्काम झाला तेव्हा गोळी घरीच राहिली, तर दुसरा दिवस सगळ्यात वाईट गेला. आता प्रश्न दोन. हे हृदयाचं आहे, मनाचं आहे की गोळीचं? आणि रात्री दोन वाजता झालं तर गाडी काढायची की धीर द्यायचा?

कटवडा_स्पेशल | रविवार, रात्री १०:४५

ताई, बाकीचे शहाणे बोलायच्या आधी मी बोलतो. ‘ईसीजी नॉर्मल’ ह्या शब्दावर जाऊ नका. आमचा थोरला उद्यमनगरात फौंड्रीत असतो. रात्री जेवल्यावर छातीत जळजळ आणि जबडा दुखायला लागला. वहिनी म्हणाली, तांबडा रस्सा लई वरपलाय, इनो घ्या. घेतलं. थांबंना म्हणून एका दवाखान्यात नेलं, ईसीजी काढला, नॉर्मल. ‘ॲसिडिटी आहे, घरी जावा.’ तिथल्या सिस्टरनं जाता जाता हळूच सांगितलं, दुखायचं थांबलं न्हाई तर दुसरीकडं दाखवा. दुसरीकडं रक्तातलं ट्रोपोनिन केलं (हृदयाला इजा झाली की ते चढतं), तेबी नॉर्मल. पण त्यांनी सोडलं न्हाई, तीन तासांनी परत केलं. दुसरं चढलेलं. पहाटे स्टेंट. माणूस आज ठणठणीत हाय, तंबाखू तेवढी सुटंना.

बाराखडी | रविवार, रात्री ११:०५

वाचतेय. आमच्याकडेही अशीच ‘बारकी’ आहे, काकूंची. निळं पाकीट.

निसर्गमित्र_कागल | सोमवार, सकाळी ६:१५

ही सगळी गुंगीची औषधं. मेंदू बधिर करायचा आणि वर्षानुवर्षं पैसे उकळायचे. दुसऱ्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलं, कचऱ्यात टाका. सकाळ-संध्याकाळ अनुलोम-विलोम, रात्री अर्जुनारिष्ट दोन चमचे. महिन्यात फरक. धडधड झाली की कागदी पिशवीत तोंड घालून श्वास घ्यायला सांगा, लगेच थांबतं.

स्टेथो_टांगलेला | सोमवार, दुपारी २:३०

ओपीडी आटोपून बसलोय, तेव्हा जरा लांब लिहितो. इथून निदान होत नाही, ते तुमचे डॉक्टर करतील. पण प्रश्न कुठल्या क्रमाने विचारायचे ते सांगता येतं.

आधी निसर्गमित्रांचं, कारण त्यात धोका आहे. रोज, कित्येक महिने घेतलेली अल्प्राझोलाम एका दिवसात बंद करायची नसते. झोप उडते, हात थरथरतात, घाम, धडधड, आणि काही जणांना चक्क फिट येते. अमेरिकेच्या एफडीएने सप्टेंबर २०२० मध्ये या गटातल्या (बेन्झोडायझेपिन) सगळ्याच औषधांवर सवय लागणं आणि अचानक बंद केल्याचे परिणाम, यांचा ठळक इशारा छापायला लावला. गोळी कमी डोसची आहे म्हणून निर्धास्त राहू नये, किती काळ चालू आहे तेही तितकंच बघावं लागतं. कागदी पिशवीही नको. घाबरून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, म्हणून पूर्वी पिशवी सांगत. पण खरंच हार्ट अटॅक, दमा किंवा फुफ्फुसात गुठळी असेल तर ऑक्सिजन आधीच कमी असतो, तिथे पिशवी घात करते. श्वास सोडताना लांबवायला सांगा, तेवढं पुरे. प्राणायामाला माझा विरोध नाही. अर्जुनारिष्टात मुरताना तयार झालेलं अल्कोहोल असतं आणि ही गोळी अल्कोहोलबरोबर जास्त चढते. दोन चमच्यांनी आकाश कोसळणार नाही, पण घेत असतील तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता हृदय. ६२ वय, बीपी, घाम, डावीकडे आवळणं. पॅनिक अटॅक असं म्हणायला मी तरी घाई करणार नाही. बायकांमध्ये आणि शुगरच्या पेशंटमध्ये अटॅक नेहमीच्या थाटात येईलच असं नाही. कधी नुसता दम लागतो, मळमळतं, पाठ किंवा जबडा दुखतो. त्रास नसताना काढलेला ईसीजी त्रास नसतानाची स्थिती सांगतो, एवढंच. जिना चढताना, पाणी भरताना होतं का, हे विचारा. होत असेल तर आधी कार्डिओलॉजिस्ट, बाकी चर्चा नंतर.

तिसरी गोष्ट तुमची वही. अल्प्राझोलामची रक्तातली पातळी सरासरी अकरा तासांत निम्मी होते, वय झालेल्यांत थोडी सावकाश. रात्री दहाला घेतलेली गोळी दुसऱ्या संध्याकाळी बरीच उतरलेली असते. शरीराला सवय झाली असेल तर ते त्या वेळेला मागणी करायला लागतं, आणि ती मागणी धडधड, घाम, अस्वस्थता अशीच दिसते. मग गोळी घेतली की बरं वाटतं आणि सगळ्यांना पटतं की आजार टेन्शनचाच. म्हणून ‘दोन वेळा करा’ हाही उपाय मला पटत नाही. मात्र वेळ जुळली म्हणजे कारण सापडलं असं नाही. संध्याकाळी चारनंतर धडधडायची दहा कारणं असतात, चहासकट.

मला दोन गोष्टी कळवा. बीपीची गोळी नेमकी कोणती, साधी की लघवीच्या औषधासोबतची? आणि सोडियम-पोटॅशियम कधी तपासलंय का?

लाल_रेघ | सोमवार, रात्री ९:५०

मी मेडिकल दुकानदार, इथलाच. भाग सांगत नाही.

अल्प्राझोलाम, डायझेपाम ही शेड्यूल एच-१ मधली, म्हणजे विक्रीची नोंद ठेवावी लागते त्या यादीतली औषधं. मार्च २०१४ पासून नियम लागू आहे. चिठ्ठीशिवाय विक्री नाही, आणि डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, संख्या हे वेगळ्या रजिस्टरला लिहून तीन वर्षं ठेवायचं. जुनं पाकीट ही चिठ्ठी नव्हे. पण समोरचा म्हणतो, ‘आईची रोजचीच हाय, चार दे,’ आणि मी नाही म्हटलं तर पलीकडे जातो. कुणी देतं म्हणून मागणारे वाढतात, हे आमच्या धंद्याचं दुखणं आहे.

दुसरं, पट्टी कापून देण्याची पद्धत. दहाच्या पट्टीतून चार कापल्या की नाव, डोस आणि मुदत बहुतेक वेळा दुकानात राहिलेल्या तुकड्यावर जातात. घरी स्टीलच्या डबीत बीपीची, झोपेची आणि ॲसिडिटीची एकत्र. माझ्याकडे एक आजोबा डबी घेऊन आले होते, ‘यातली पांढरी कुठली ते सांगा.’ त्यात पांढऱ्या तीन प्रकारच्या होत्या. मी एकही सांगितली नाही, मुलाला फोन लावला. तेव्हा कापलेला तुकडा नावासकट मागून घ्या, किंवा अख्खी पट्टी घ्या.

तिसरं म्हणजे सोबत आणखी काय चालू आहे. पावसाळ्यात आपल्याकडे गजकर्णाचे पेशंट भरमसाट, आणि त्यांना इट्राकोनाझोल असते. ती अल्प्राझोलामसोबत चालतच नाही, गोळीची पातळी कितीतरी वाढते आणि माणूस दिवसा पेंगतो, पडतो. क्लॅरिथ्रोमायसिन अँटिबायोटिकचंही तसंच. गुडघेदुखीला ट्रॅमाडॉल किंवा खोकल्याला कोडीनचं सिरप असेल तर श्वास मंदावण्याचा धोका. सर्दीच्या गोळीनेही गुंगी वाढते. आणि घबराटीसाठी प्रोप्रानोलोल घातलेल्या जोडगोळ्या येतात, त्या दम्याच्या माणसाला देऊ नयेत. शेजारणीला फरक पडला म्हणून तिची पट्टी आणायची, हा प्रकार तर आमच्या गल्लीत रोजचा.

सांजवात | सोमवार, रात्री ११:१५

माझी गोष्ट जरा वेगळी आहे म्हणून लिहितो. (हो, मी बाईच. कोल्हापूरची आहे, समजून घ्या.)

मला पंचविशीपासून धडधड. बटण दाबल्यासारखी सुरू, बटण दाबल्यासारखी बंद. शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता व्हायची. घरचे म्हणायचे, लग्नाचं टेन्शन. लग्न झालं, मग म्हणाले, सासरचं टेन्शन. एका डॉक्टरांनी पॅनिक म्हणून गोळ्या सुरू केल्या, त्या बरीच वर्षं खाल्ल्या. चोवीस तासांचा होल्टर (अंगावर लावून ठेवायचं ईसीजीचं यंत्र) लावला, त्या दिवशी नेमकी धडधड झालीच नाही. शेवटी एकदा दसरा चौकातून जाताना सुरू झाली तसा रिक्षावाल्याला म्हणालो, सीपीआरला घे. त्या सरकारी दवाखान्यात धडधड चालू असतानाच ईसीजी निघाला. नाडी १८० च्या वर. एसव्हीटी निघालं, हृदयातल्या विजेच्या जादा वाटेचा आजार. पुढे अब्लेशन करून ती वाट बंद केली, त्यानंतर त्रास नाही.

त्रास सुरू असताना नाडी मोजा. घड्याळ धरून पूर्ण मिनिटभर. १०० ते १२० मध्ये हळूहळू चढणारी आणि एकदम १७० ला जाणारी, यात फार फरक असतो. डॉक्टरांना ‘लई धडधडतंय’ यापेक्षा तो आकडा जास्त कामाचा.

स्टेथो_टांगलेला | मंगळवार, सकाळी ८:००

सांजवात, शंभर टक्के. हातातल्या घड्याळाच्या ईसीजीबद्दल कुणी विचारायच्या आधी सांगतो. ठोक्यांची लय पकडायला त्याचा उपयोग होतो, हार्ट अटॅक नाही हे सांगायला मुळीच होत नाही.

निसर्गमित्र_कागल | मंगळवार, सकाळी ८:४०

म्हणजे शेवटी यंत्रं आणि गोळ्याच. चालू द्या तुमचं.

कटवडा_स्पेशल | मंगळवार, सकाळी ८:४४

चालू देतोच की. तुमच्या अर्जुनारिष्टावर कोण थोरल्याला सोडणार हुतं त्या रात्री?

संपादक | मंगळवार, सकाळी ९:३०

वैयक्तिक टोमणे थांबवा. कुणीही कुणाला डोस सुचवू नये, तसे प्रतिसाद काढून टाकले जातील. हॉस्पिटलांची आणि डॉक्टरांची नावंही नकोत.

कपिलतीर्थ_कट्टा | मंगळवार, दुपारी १:१०

मी दुसऱ्या बाजूचा. माझं खरंच पॅनिक होतं, हृदयाचं सगळं तपासून झाल्यावर ठरलं. पहिल्यांदा मिळाली ती एस्सिटालोप्राम (नैराश्य-घबराटीवरचं औषध) आणि क्लोनाझेपाम (अल्प्राझोलामच्याच गटातलं) एकाच गोळीत. आपल्याकडे ही जोडगोळी सर्रास लिहितात. अडचण अशी की एस्सिटालोप्राम महिनोन्‌महिने घ्यायचं असतं, क्लोनाझेपाम थोडेच दिवस. जोडगोळीत दोन्ही सोबतच चालत राहतात. नंतरच्या मानसोपचारतज्ज्ञांनी आधी दोन्ही वेगळ्या केल्या, मग क्लोनाझेपाम हळूहळू काढली.

एस्सिटालोप्रामचे पहिले काही दिवस मला जास्तच घाबरल्यासारखं होत होतं. हे होतं असं कुणी सांगितलं नसतं तर मी तिथंच सोडली असती. फरक चार-सहा आठवड्यांनी कळला. तिचं व्यसन अल्प्राझोलामसारखं लागत नाही, पण तीही एकदम सोडायची नाही, चक्कर आणि डोक्यात झटके बसल्यासारखं होतं.

खरा उपयोग बोलण्याने झाला. आठवड्याला एक बैठक. धडधड झाली की पळत सुटायचं नाही, तिच्यासोबत बसून राहायचं, हे शिकवलं. ऐकायला सोपं वाटतं, करताना घाम फुटतो. इतक्या लांब जाऊन बैठका जमत नसतील तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे.

पायरीवरची_मांजर | मंगळवार, रात्री १०:३०

सगळ्यांचे आभार. डबी उघडली. बीपीची गोळी साधी नाही, टेल्मिसार्टनसोबत क्लोर्थॅलिडोन आहे. आधी साधीच होती, दसऱ्याच्या सुमारास बदलली. सोडियम-पोटॅशियम कुणीच केलेलं नाही. गुडघ्यासाठी अधूनमधून कसलीतरी गोळी घेतात, तिची पट्टी कापलेली, नाव नाही. लाल_रेघ, तुमच्या पोस्टचा फोटो काढून नवऱ्याला पाठवला.

स्टेथो_टांगलेला | बुधवार, सकाळी ७:४०

क्लोर्थॅलिडोन हे लघवीवाटे पाणी आणि मीठ काढणारं औषध. बीपीला उत्तम आहे, मी स्वतः लिहितो. पण त्याने पोटॅशियम आणि सोडियम उतरू शकतं, आणि पोटॅशियम उतरलं की जादा ठोके पडतात, छातीत फडफडतं. औषध बदललं दसऱ्याला आणि त्रास सुरू दिवाळीला. बीपीची गोळीही मनाने बंद करू नका, पण रक्त आजच द्या. पुढे एस्सिटालोप्रामसारखं काही सुरू करायचा विचार झाला तर ही गोळी त्या डॉक्टरांनाही सांगा, कारण उतारवयात त्या औषधानेही सोडियम घसरतं. शिवाय वय झालं की त्याचा डोस आटोपशीर ठेवतात आणि ईसीजीवर नजर ठेवतात.

रात्री दोनचं उत्तर राहिलं होतं. आवळणं किंवा दाब दहा-पंधरा मिनिटांत ओसरला नाही, हात-जबड्याकडे गेला, दम लागला, गरगरलं, शुद्ध हरपली किंवा ‘हे नेहमीसारखं नाही’ असं त्या स्वतः म्हणाल्या, तर १०८. स्कूटरवर मधे बसवून न्यायचं नाही. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा अल्सर नसेल तर ३०० मिलीग्रॅमची साधी ॲस्पिरिन चावून खायला देतात, ते १०८ च्या डॉक्टरांना फोनवर विचारून करा. शेजारच्याची जिभेखालची गोळी बीपी न बघता देऊ नका, बीपी धाडकन खाली येतं. आणि तपासून काही निघालं नाही तर ‘उगाच धावपळ केली’ असं त्यांच्यासमोर कुणी बोलू नये. पुढच्या वेळी त्या सांगणारच नाहीत.

बाराखडी | बुधवार, सकाळी ९:२०

शेवटच्या दोन वाक्यांना +१. काकूंचं नेमकं हेच झालंय.

कटवडा_स्पेशल | बुधवार, सकाळी १०:००

अजून एक, चिखलीच्या माणसांसाठी. पावसाळ्यात आंबेवाडीच्या रस्त्यावर आणि केर्लीजवळ पाणी आलं की कोल्हापूर तुटतं. शिवाजी पुलापर्यंतच पोचता येत न्हाई तर १०८ कुठनं येणार? छातीचा पेशंट असला तर पाणी चढायच्या आधीच शहरात पाहुण्यांकडं हलवा. पातळी ३९ झाली की निघायचं, ४३ ची वाट बघायची न्हाई.

पायरीवरची_मांजर | तीन आठवड्यांनी, रविवार, सकाळी ११:१५

अपडेट देते, विचारणा बऱ्याच आल्या.

पोटॅशियम ३.२ आलं, खालची मर्यादा ३.५. बीपीची गोळी डॉक्टरांनी बदलली. होल्टरमध्ये बरेच जादा ठोके दिसले, एसव्हीटी नाही. गुडघ्यामुळे ट्रेडमिलवर चालता येईना म्हणून सीटी अँजिओ केली, रक्तवाहिनीत किरकोळ थर आहे, अडथळा नाही. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली. गुडघ्याची निनावी गोळी ट्रॅमाडॉलचीच निघाली, ती बंद.

पोटॅशियम जागेवर आल्यावर फडफड बरीच कमी झाली, पण संध्याकाळची अस्वस्थता राहिली. म्हणजे दोन्ही होतं. मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायला आई तयार नव्हत्या, ‘मी काय येडी झालोय काय?’ शेवटी ‘झोपेच्या गोळीचे डॉक्टर’ म्हणून गेलो. त्यांनी अल्प्राझोलाम काढून जास्त वेळ टिकणारी गोळी दिली आणि ती दोन-चार आठवड्यांच्या टप्प्यांनी थोडी थोडी कमी करायची आहे. डोस लिहीत नाही, संपादकांना भिऊन.

त्या खोलीत आई म्हशीबद्दल बोलल्या. २०१९ ला दावं सोडायला हात पोचला नव्हता. आम्हाला सगळ्यांना वाटत होतं, म्हैस सुटून वाहून गेली.

एक साधा प्रश्न उरलाय. पुढच्या टप्प्याला अर्धी आणि नंतर पाव गोळी करायची आहे. विळीवर ठेवली तर चुराच होतो. कशी कापतात?

लाल_रेघ | रविवार, दुपारी १२:४०

गोळी कापायची छोटी डबी मिळते, आत पातं असतं, शंभर-दीडशेच्या आत. मधे रेघ असलेली गोळी सरळ तुटते, पाव मात्र सारखे पडत नाहीत, त्यापेक्षा डॉक्टरांना कमी ताकदीची लिहून द्यायला सांगा. पट्टीवर ‘एसआर’ (औषध हळूहळू सोडणारी) असेल तर कापायचीच नाही, सगळं औषध एकदम सुटतं. तोंडात विरघळणारी असेल तर दमट हवेत उघडी ठेवलेली अर्धी सकाळपर्यंत मऊ पडते, त्यामुळे त्या त्या रात्रीचीच कापा. आणि नवीन चिठ्ठी दर वेळी घेऊन या.